येडूचं नको

येडूचे हातपाय पलंगाला बांधले तेव्हा गोजाबाई डायलिसिसच्या खोलीच्या काचेच्या दाराबाहेर उभी होती. बांधायला होकार तिनंच दिला होता. दुसरं करणार तरी काय? आधीच्या दोन खेपांना मशीन चालू असताना त्यानं मानेतल्या नळीला हात घातला होता. दुसऱ्या खेपेला तर उशीची खोळ रक्तानं भिजली. सिस्टर तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मावशी, नळी निसटली तर आम्हाला सावरायलाही वेळ मिळणार नाही. चार तासांचाच तर प्रश्न आहे." गोजाबाईनं मान हलवली आणि कागदावर सही केली.

येडू तासभर "नको, नको" म्हणून ओरडत होता. मग त्याचा आवाज बंद झाला, आणि यापेक्षा ते ओरडणं परवडलं, असं गोजाबाईला वाटलं.

येडू तिचा पाठचा भाऊ. ती बासष्टची, तो पंचावन्नचा. दाढीचे खुंट पांढरे झाले होते, पण समज पाच-सहा वर्षांच्या पोराची. येडाईच्या नवसानं झाला म्हणून नाव येडू ठेवलं. पुढं तो चार वर्षांचा झाल्यावर बोलायला लागला आणि मोजायला काही कधी शिकला नाही, तेव्हा नाव बरोबर जुळलं म्हणून वळसंगातले लोक हसायचे. आईनं त्या हसण्याकडं लक्ष दिलं नाही. तिनं पोराला मेंढरांत घातलं, आणि मेंढरांत त्याचं कधी काही अडलं नाही. त्याला मोजता येत नव्हतं, पण कळपातलं एक मेंढरू जरी मागं राहिलं तरी तो जागचा हलायचा नाही.

गोजाबाईचं लग्न सोळाव्या वर्षी झालं आणि ती सोलापुरात, भवानी पेठेत नांदायला आली. येडू तेव्हा नऊ वर्षांचा. अक्का गेली म्हणजे कुठं गेली, हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि सांगून कळलंही नसतं. तो फाट्यावर जाऊन उभा राहायचा. सोलापूरची प्रत्येक एस.टी. थांबली की दारातून उतरणाऱ्या बायांची तोंडं बघायचा. असं दोन-तीन वर्षं चाललं. माहेरी गेली की आई तिला हे सांगायची, आणि गोजाबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायची, कारण ऐकलं असतं तर तिचा परत सासरी यायला पाय निघाला नसता.

अकरा वर्षांपूर्वी आई गेली. गोजाबाईचा नवरा त्याआधीच वारला होता. ती येडूला आपल्याकडं घेऊन आली. दोन खोल्यांचं घर, शेजारी यंत्रमागांचा दिवसभर खडखडाट. गोजाबाईचा मुलगा कुमार टॉवेलच्या कारखान्यात कामाला. तो मामाला कधी तोडून बोलला नाही. येडू दारातल्या पायरीवर बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, "मेंढरं कुटं गेली?" लोक सांगायचे, येतील की. गोजाबाईला मात्र त्या अकरा वर्षांत फार बरं वाटत होतं. तिला हाक मारणारं तिच्या रक्ताचं माणूस घरात आलं होतं.

मग यंदाच्या उन्हाळ्यात त्याचे पाय सुजले, तोंड सुजलं, दम लागायला लागला. दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. आठवड्यातून तीनदा रक्त मशीनमधून साफ करून घ्यायचं, आणि ते कायमचं. सरकारी योजनेत बसत असल्यामुळं खर्चाची चिंता नव्हती. गोजाबाई म्हणाली, माझं एक काढून घाला त्याला. पण तिला स्वतःला पंधरा वर्षं साखरेचा आजार. डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं.

त्या बांधण्याच्या दिवशी डायलिसिसच्या डॉक्टर शगुफ्ता मॅडम फेरीवर आल्या. चाळिशीतल्या, कमी बोलणाऱ्या, शुक्रवार पेठेत वाढलेल्या बाई. त्यांनी येडूच्या मनगटावरच्या पट्ट्या बघितल्या, थोडा वेळ त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि बाहेर येऊन गोजाबाईच्या शेजारी बाकावर बसल्या.

"ते नको म्हणतात, ते नक्की कशाला?" त्यांनी विचारलं.

"त्याला काय कळतंय मॅडम. लेकरू हाय त्ये."

"कळत नाही हे खरं. म्हणूनच सही तुमची घेतो आम्ही. पण कळत नाही म्हणून त्यांचं म्हणणं ऐकायचंच नाही, असं नसतं. तुम्ही विचारलंत का कधी त्यांना?"

गोजाबाईला आठवेना. तिनं त्याला समजावलं होतं, दटावलं होतं, बोरं देते म्हणून फसवलंही होतं. विचारलं नव्हतं.

ती आत गेली. येडू छताकडं बघत पडला होता. डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात उतरलं होतं. तिनं ते पदरानं पुसलं आणि त्याच्या कानाशी वाकून विचारलं, "येडू, कशाला भितोस रं?"

त्यानं इकडं तिकडं बघितलं. सिस्टर लांब होत्या. मग तो हळूच म्हणाला, "अक्का, मला कवा कापनार?"

"कोन कापतंय तुला?"

"कातरून झालं की," तो म्हणाला आणि हनुवटी मानेकडं नेली.

गोजाबाईनं त्याच्या मानेकडं बघितलं. नळी घालायच्या आधी न्हाव्यानं त्याची दाढी, मान, छातीवरचे केस सगळं सफा केलं होतं. आणि मेंढराचे चारी पाय माणूस दोनच वेळा बांधतो. एकदा लोकर कातरायला, आणि एकदा मग शेवटचं. येडूनं जन्मभर हेच बघितलं होतं. त्याच्या हिशोबानं कातरणं झालं होतं, आता दुसरंच उरलं होतं. तीन खेपा हा माणूस मरणाची वाट बघत इथं पडून राहिला होता, आणि दाराबाहेर उभी होती ती त्याची बहीण.

तिनं बाहेर येऊन मॅडमना सांगितलं. आत जाऊन त्यांनी स्वतःच्या हातानं पट्ट्या सोडल्या.

त्यानंतर येडूला कधी बांधलं नाही. मॅडमनी गोजाबाईला पलंगाशी बसायची परवानगी दिली. चारही तास ती त्याचा हात हातात घेऊन बसायची आणि गावाकडच्या गोष्टी बोलायची. बोरी नदीच्या काठची वाट, पावशेर लोकर देणारी काळी मेंढी, आईच्या हातची भाकरी. येडू मधूनच दुरुस्ती करायचा. मेंढी काळी नव्हती, कपाळावर पांढरा ठिपका होता तिच्या. पंधरा दिवसांत तो मशीनला सरावला. पुढं मानेतली नळी काढून हाताच्या शिरेत सुई टोचायला लागले, तेही त्यानं सोसलं. पलीकडच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याला रामराम घालायला लागला. कुणी आलं नाही तर विचारायचा, "हितलं एक कुटं गेलं?" सिस्टर हसायच्या. एकदा ते एक खरोखरच कायमचं गेलं होतं, तेव्हा कुणी हसलं नाही.

त्रास होता तो पाण्याचा. दिवसाला मोजकं पाणी, एका बाटलीवर कुमारनं खुणा करून ठेवल्या होत्या. सोलापूरच्या उन्हात धडधाकट माणसाची जीभ टाळ्याला चिकटते, आणि याला सकाळची बाटली संध्याकाळपर्यंत पुरवायची. "अक्का, पानी दे की," तो म्हणायचा, आणि ती दुसरीकडं बघायची. शेंगाचटणी बंद, मीठ बंद. एकदा तो गल्लीतल्या नळाला तोंड लावून इतकं पाणी प्याला की दम कोंडून कुमारला त्याला रिक्षात घालून पळावं लागलं. पण एकंदरीत सहा-सात महिने बरे गेले. गोजाबाईला वाटायला लागलं की हे असंच चालेल. रिक्षा, मशीन, घर, परत रिक्षा. चालू दे की, काय बिघडलं.

दिवाळीनंतर येडूचं हृदय थकलं. मशीनवर असतानाच रक्तदाब खाली यायचा, उलट्या व्हायच्या, डोळे फिरायचे. घरी आणला की तो दिवस आणि दुसरा दिवस तो भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. जरा उठून बसेपर्यंत परत जायची वेळ यायची. आठवड्यातला एकच दिवस त्याचा म्हणून उरला होता, आणि त्या दिवशीसुद्धा तो पायरीवर जायला मागत नव्हता.

एका सकाळी ती त्याला सदरा घालत होती. बाहेर रिक्षा येऊन थांबली होती. येडूनं तिचा हात धरला आणि म्हणाला, "साकू."

तिनं ऐकलं आणि गुंडी लावली.

साकू म्हणजे पुरे. आई कर्नाटकातली. तिच्याकडून आलेले काही कानडी शब्द या भावंडांच्या बोलण्यात राहिले होते, आणि हा येडूचा ठरलेला शब्द. लहानपणी तो जेवायला बसला की गोजा वाढायची. पोट भरलं की तो ताटावर हात धरायचा, "साकू, अक्का." मग कितीही आग्रह करा, एक घास जास्त जायचा नाही. भूक असताना तो साकू कधी म्हणाला नाही, आणि रुसून तर कधीच नाही. रुसला, भ्याला, चिडला की त्याचं 'नको' असायचं. हा फरक जगात दोघींनाच माहीत होता. त्यातली आई गेली होती.

तरीही तिनं त्याला रिक्षात बसवलं. तो मुकाट्यानं बसला. पुढच्या खेपेला परत तेच, "साकू," आणि त्याच्या पुढच्या खेपेलाही. त्यानं हात झिडकारला नाही, नळी ओढली नाही. सुई टोचताना तोंड फिरवून पडून राहिला. सिस्टर म्हणाल्या, "किती शहाणे झालेत हो तुमचे भाऊ." गोजाबाईनं मान खाली घातली.

महिनाभर तिनं हे कुणाला सांगितलं नाही. मग एक दिवस शगुफ्ता मॅडमच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्याच सगळं बोलून मोकळी झाली.

मॅडमनी तिला बसवलं. "मी बंद करा म्हणणार नाही," त्या म्हणाल्या, "आणि चालूच ठेवा असंही म्हणणार नाही. पण खरं ते सांगते. चालू ठेवलं तर दोन महिने, फार तर तीन. त्यातले बरेचसे दिवस आत्तासारखेच जातील. बंद केलं तर आठ-दहा दिवस, थोडे पुढंमागं. त्या दिवसांत त्रास कमी राहील एवढं मी बघू शकते."

घरी तिनं कुमारला सांगितलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला.

"आई, मामाला काय कळतंय? लहान पोरगं सुई नको म्हणतं म्हणून आपण टोचायची सोडतो का? तो म्हणाला साकू आणि आपण त्याला मरायला सोडून द्यायचं? त्याला साकू म्हणजे काय होणार ते तरी माहीत आहे का?"

त्याचं चूक नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात आला आणि मॅडमना त्यानं हेच विचारलं. मॅडम म्हणाल्या, "पोराला टोचतो, कारण टोचल्यावर ते बरं होऊन खेळायला जातं. तुमचे मामा बरे होऊन कुठं जाणार आहेत?" कुमार म्हणाला, "पण मी माझ्या तोंडानं बंद करा म्हणणार नाही." मॅडम म्हणाल्या, "नका म्हणू. पण आपण त्यांना एकदा नीट विचारू या. माझ्यासमोर."

विचारलं ते गोजाबाईनंच. येडू उशीला टेकून बसला होता. मॅडम खुर्चीवर, कुमार खिडकीशी पाठमोरा.

"येडू, ही सुई बंद करायची?"

"साकू."

"बंद केली तर तू मरशील बघ."

येडूनं तिच्याकडं बघितलं. "आयवानी?"

"व्हय. आयवानी."

तो बराच वेळ आपल्या हाताकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मंग तू कुटं असनार?"

"तुझ्यापाशी."

"वळसंगात?"

गोजाबाईनं वळसंगाचं नाव काढलं नव्हतं. "वळसंगात," ती म्हणाली.

"बरं." आणि जरा थांबून, "तितं पानी देनार?"

"देईन की."

कुमार खोलीबाहेर गेला. गोजाबाई मॅडमच्या मागोमाग वऱ्हांड्यात आली. "मॅडम, त्याला कळलं का वो?"

"सगळं कळलं असं मी लिहू शकत नाही," मॅडम म्हणाल्या. "थोडं कळलं. किती, ते तुमच्याशिवाय कोण सांगणार? पहिल्या वेळी ती नुसती भीती होती, हेही तुम्हीच ओळखलंत."

"आन मी चुकले तर?"

"तर आपण दोघी चुकू."

गोजाबाई कठड्याला धरून उभी राहिली. खाली रिक्षांची गर्दी होती. ती म्हणाली, "मॅडम, आय गेल्यावर त्याला हिकडं आनला, ते त्याच्यासाठी आनला असं मी सगळ्यास्नी सांगितलं. चुलतभाऊ म्हनत हुता, ऱ्हाऊ दे हितं, मेंढरात हाय, मजेत हाय. मीच ऐकलं न्हाय. मलाच त्यो पायजे हुता. अकरा वर्सं मेंढरं कुटं गेली म्हनून इचारतोय, आन मी म्हनते येतील."

मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

आणखी दोन डॉक्टर येऊन येडूला तपासून गेले, गोजाबाईशी बोलले, कुमारशी बोलले. मग कागद झाले. कुमारनं सही केली नाही, पण कारखान्यातून एका दिवसाची सुट्टी काढली, गाडी ठरवली आणि मामाला उचलून गाडीत ठेवलं ते त्यानंच. मॅडमनी दम लागला तर द्यायचं औषध, खाजेचं औषध, झोपेचं औषध वेगवेगळ्या पुड्यांत बांधून दिलं आणि स्वतःचा नंबर दिला.

वळसंगाला चुलतभाऊ शिवपुत्रचं घर गावाबाहेर, रानात. त्यानं लिंबाखाली बाज टाकून ठेवली होती. उतरल्या उतरल्या येडूनं पाणी मागितलं. गोजाबाईनं तांब्या दिला. वाटलं, घटाघटा पिईल. त्यानं चार घोट घेतले, तांब्या खाली ठेवला आणि तोंड पुसलं. पाणी मिळतंय एवढंच त्याला पाहिजे होतं की काय कोण जाणे.

दुपार कलली तसा शिवपुत्र कळप घेऊन आला. येडू कोपरावर उठला आणि त्यानं हाक घातली, "बा, बा, बा." मेंढरांनी वर बघितलं नाही. त्याच्या ओळखीचं त्यात एकही नव्हतं. मेंढराचं आयुष्य ते किती, अकरा वर्षांत सगळी पिढी बदलली होती. गोजाबाईचा जीव तुटला. पण येडूला वाईट वाटलेलं दिसलं नाही. तो नुसता बघत होता, एकेकाकडं, सावकाश. मग म्हणाला, "लंगडी मागं ऱ्हायलीया." शिवपुत्र मागं वळून बघतो तर खरंच एक लंगडती मेंढी बांधापलीकडं राहिली होती.

तिसऱ्या दिवशी तो बाजेवर बसून हातावर मीठ घेऊन थांबला. दोन करडी कोकरं आली आणि तळहात चाटून गेली. त्या दिवशी त्यानं शेंगाचटणी लावून अर्धी भाकरी खाल्ली. सहाव्या दिवशी दम लागला. गोजाबाईनं मॅडमना फोन केला आणि त्यांनी सांगितलं तसं औषध दिलं. कुमार रोज संध्याकाळी कारखान्यातून मोटारसायकलवर यायचा, मामाच्या पायाशी बसायचा आणि अंधार पडल्यावर परत जायचा. आठव्या दिवसापासून येडू झोपूनच राहिला. मधूनच डोळे उघडायचा, ती आहे का बघायचा, मिटायचा. दहाव्या दिवशी त्यानं हाक मारली, "अक्का." ती म्हणाली, "हाय रं हितंच." दुसऱ्या दिवशी, सकाळची उन्हं बाजेवर आली तेव्हा, तिच्या मांडीवर डोकं असतानाच तो गेला.

दिवस झाल्यावर कुमार तिला न्यायला आला. तिनं पिशवी भरली नव्हती. दोघं लिंबाखाली बसली.

"आई," कुमार म्हणाला, "आपण केलं ते बरोबर केलं का, मला अजून कळत नाही."

"मला बी न्हाय."

"मग?"

"रातंदिस त्योच इचार येतोय. त्याला मरन कळलं का, का नुसतं वळसंग कळलं. आनखी दोन म्हैनं मिळालं असतं. तोंड तरी बघाया मिळालं असतं." ती थांबली. "पर त्यो म्हनला, आन मी ऐकलं. आयुष्यात एकदा तरी ऐकलं."

कुमार उठला आणि त्यानं पँटीची माती झटकली. मग म्हणाला, "चल. घर रिकामं वाटतंय."

"चार दिस ऱ्हाते. मग येते."

तो गेला. गोजाबाई बाजेवरच बसून राहिली. ऊन उतरलं तशी लांबून धूळ दिसली आणि कळपाच्या घंटा ऐकू यायला लागल्या. शिवपुत्रनं बांधावरूनच हाक दिली, "अक्का, चहा टाक की." तिला अक्का म्हणणारे गावात पुष्कळ होते. ती हो म्हणाली आणि उठायला गेली, पण मेंढरं पुढ्यातून जायला लागली होती. सगळी जाईपर्यंत ती तशीच उभी राहिली, आणि सगळी आली का, हे काही तिला कळेना.